शब्दकोड्याचं ॲप: ‘पुणे’चं ‘पण’ होऊ नये म्हणून

मराठी शब्दकोड्याची यादी साफ करणारा कोड या खेपेला एआय सहायकाकडून लिहून घेतला. ‘अक्षरं ठेव, बाकीचं काढ’ एवढंच सांगितलं होतं. त्यानं इमानेइतबारे काढलं: ‘पुणे’चं झालं ‘पण’ आणि ‘कोल्हापूर’चं ‘कलहपर’! युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या, वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे ‘लेटर’ नाहीत, ‘मार्क’ आहेत. रेजेक्समध्ये (मजकूर गाळायच्या सूत्रात) फक्त लेटर ठेवलं की अख्खी बाराखडी गळून पडते.

चूक दाखवली की सहायक लगेच दिलगिरी व्यक्त करतो, दुरुस्तही करतो. नवं सेशन उघडलं की पाटी कोरी. म्हणून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ फाइल आहे, ती तो सुरुवातीलाच वाचतो. तिच्यात आधी ‘देवनागरी नीट हाताळ’ असं वाक्य होतं. असून नसून सारखंच. आता तिथे आहे: ‘लेटर आणि मार्क दोन्ही ठेव. पुणे आत गेलं तर पुणेच बाहेर आलं पाहिजे.’ बिघडलेला शब्दच नोंदीत घातल्यापासून फरक पडलाय.

जास्त छळलं ते ‘दऱ्या’नं. काही कीबोर्ड हा ‘र’ लिहिताना मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालतात. सहायकानं तो कचरा समजून उडवला आणि डोंगरातल्या दऱ्यांचा थेट दर्या झाला. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे एरर कुठेच नाही; कोड्यात बरोबर उत्तर भरूनही ते चूक ठरतं तेव्हाच कळतं. त्यावर त्याचा सल्ला, एनएफसी नॉर्मलायझेशन कर, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका साच्यात आण. उपयोग शून्य, कारण जॉइनरवाला ‘र’ आणि नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ‘ऱ’ एनएफसीनं एक होत नाहीत. हेही नोंदीत गेलं, नाहीतर पुढच्या सेशनला तोच सल्ला पुन्हा हजर.

फाइल फुगली की सहायक मधल्या ओळी सरळ विसरतो, असा माझा अनुभव. त्यामुळे ज्या नोंदीची टेस्ट, म्हणजे चूक आपोआप पकडणारा कोड, लिहून झाली ती फाइलमधून काढतो. पुणे, कोल्हापूर टेस्टमध्ये गेले. दऱ्या अजून फाइलमध्येच आहेत.

पुढचं काम चौकटी मोजण्याचं. जावास्क्रिप्टमध्ये ‘क्ष’ची लांबी 3 भरते, चौकट मात्र एकच हवी. युनिकोड 15.1 मध्ये, म्हणजे 2023 साली, जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. जुन्या ब्राउझरवर भरवसा नाही. कुणी स्वतःचा सेगमेंटर (शब्दाची अक्षरं सुटी करणारा कोड) लिहिला असेल तर ‘र्‍हस्व’ त्यात घालून बघा आणि कळवा.