बीएमसीवरचा वेब सर्व्हर उभा करताना : माझा अनुभव

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, हा एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी तो चालू राहतो, पंखे, तापमान आणि व्होल्टेज यांवर लक्ष ठेवतो आणि दूरवरून यंत्र चालू-बंद करू देतो. अशा एका बोर्डसाठी ओपनबीएमसी या बीएमसीसाठीच्या मुक्त प्रणालीची इमेज (फ्लॅशवर चढवायची फाइल) बांधून तिच्यातील बीएमसीवेब हा वेब सर्व्हर नीट चालता करण्याचे काम माझ्याकडे आले होते.

ओपनबीएमसी यॉक्टोवर, म्हणजे लिनक्स प्रणाली बांधण्याच्या प्रकल्पावर, आधारलेले असल्यामुळे त्यातील बिटबेक या साधनाने पहिली इमेज बांधताना कंपायलरपासून कर्नलपर्यंत जवळजवळ सगळेच मूळ कोडवरून तयार होते आणि त्याला वेळ व डिस्क दोन्ही भरपूर लागतात. पुढचे बदल कॅशमुळे लवकर होतात. बीएमसीवेबचा सी प्लस प्लस कोड मात्र कंपाइल होताना मेमरी फार खातो, म्हणून एकाच वेळी चालणारे जॉब कमी ठेवणे बरे.

खरा विचार करावा लागतो तो मेसन या बिल्ड साधनाच्या पर्यायांचा. या सर्व्हरमध्ये काय असावे, हे बहुतांशी बांधतानाच ठरते. फ्लॅश ३२ एमबीची होती. रिमोट स्क्रीन आणि व्हर्च्युअल मीडिया यांची गरज नव्हती, म्हणून ते दोन्ही बंद केले आणि डीएमटीएफ या मानक-संस्थेने २०१५ साली आणलेले रेडफिश, म्हणजे वेबवरून सर्व्हर सांभाळण्याचे मानक, तेवढे ठेवले. लॉगिनची तपासणी पूर्ण बंद करणारा पर्यायही तिथे आहे. चाचणीच्या सोयीसाठीसुद्धा तो वापरू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण यंत्राची वीज ज्याच्या हाती आहे तो दरवाजा क्षणभरही उघडा राहता कामा नये.

बोर्ड हाती येण्याआधी हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या क्यूएमूवर इमेज चालवली आणि बीएमसीचे ४४३ क्रमांकाचे पोर्ट माझ्या संगणकावरील २४४३ ला जोडले. लॉगिन, सेशन, टोकन हे सगळे तिथेच तपासता आले.

प्रत्यक्ष बोर्डवर मात्र रेडफिशच्या सेन्सरांच्या यादीत एक पंखा दिसत नव्हता आणि लॉगमध्ये त्याविषयी एक ओळही नव्हती. बीएमसीवेब स्वतः हार्डवेअरला हात लावत नाही. इतर सेवांनी डी-बसवर, म्हणजे प्रोग्रॅममधील संदेशवाहिनीवर, ठेवलेली माहिती तो रेडफिशच्या जेसन या मजकूर-स्वरूपात मांडतो. त्यामुळे शोध सर्व्हरच्या कोडपासून नव्हे, तर डी-बसपासून सुरू केला. डी-बस तपासण्याच्या बसकंट्रोल (busctl) या साधनाने पाहिले तर त्या पंख्याचा वेग तिथे व्यवस्थित येत होता आणि पंख्यासमोर हात धरला की बदलतही होता. उणीव होती ती नात्याची: कोणता सेन्सर कोणत्या चॅसीचा (यंत्राच्या सांगाड्याचा), हे सांगणारे असोसिएशन त्या पंख्याला जोडलेलेच नव्हते, आणि बीएमसीवेब चॅसीचे सेन्सर त्याच नात्यावरून शोधतो. बोर्डच्या कॉन्फिगरेशनमध्ये ते भरताच पंखा यादीत आला. वेब सर्व्हरची एक ओळही बदलावी लागली नाही.

शेवटचा टप्पा परस्पर टीएलएसचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओळख पटवणाऱ्या सुरक्षित जोडणीचा, होता, ज्यात सर्व्हरही क्लायंटचे प्रमाणपत्र तपासतो. बोर्डवर घड्याळासाठी बॅटरी नव्हती. वीज जाऊन आली की बीएमसीची तारीख मागे जाई आणि नुकतीच दिलेली प्रमाणपत्रे 'अजून लागू झालेली नाहीत' म्हणून नाकारली जात. ब्राउझरमध्ये केवळ जोडणी तुटलेली दिसे, त्यामुळे संशय आधी प्रमाणपत्र देणाऱ्यावर जातो. तेव्हा सर्वप्रथम बीएमसीची तारीख पाहावी. नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता रेडफिशमधून भरून ठेवला, पण बूट झाल्यावर वेळ जुळेपर्यंतचा अवधी उरतोच. तेवढ्या अवधीत जोडणी फसली तर क्लायंटने थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा, अशी तरतूद देखरेखीच्या स्क्रिप्टमध्ये केली आणि प्रमाणपत्रांची तपासणी सैल न करता काम भागले.