सासूला भुसावळला ठेवून वारीला कशी गेलीस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ज्येष्ठ लागला की कोणी ना कोणी विचारतंच. इथे नागपूरला महाल भागातल्या एका शेजारणीने तर तोंडावरच विचारलं, "स्वतःची माय असती त अशी दवाखान्यात टाकून गेली असती काय?" आजवर मी कधी हसून टाळलं, कधी चिडून. आता एकदाचं सांगून टाकते.

आधी तुमचा दुसरा प्रश्न. शेगावहून गजानन महाराजांची पालखी जाते, कौंडण्यपूरहून रुक्मिणीची जाते, मग नागपूरच्या बायांनी आळंदीपर्यंत कशाला जायचं? तर सासूबाईंचं माहेर फलटणकडचं. त्यांच्या वडिलांची दिंडी माउलींच्या सोहळ्यातली, रथामागची. लग्न होऊन नागपूरला आल्या तरी त्यांनी ती दिंडी सोडली नाही. डोक्यावर पितळी तुळशीवृंदावन घेऊन त्या पुढे, आणि लग्न झाल्यापासून मी त्यांच्या मागे. बस, एवढंच कारण.

त्या वर्षी आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो. सकाळी पुणे आणि संध्याकाळी आळंदीला प्रस्थान, असा हिशोब होता. अकोल्याला नणंद प्लॅटफॉर्मवर डबा घेऊन आली, सासूबाईंच्या पाया पडली. शेगाव गेलं. मलकापूरला गाडी जी थांबली ती हलेचना. पुढे रुळांवर पाणी होतं. मी वरच्या बर्थवर झोपले होते. पहाटे सासूबाई तोंड धुवायला खाली उतरल्या. फलाट ओला होता, आणि चपलेने दगा दिला. दोन पोरांनी त्यांना उचलून डब्यात आणलं तेव्हा त्या कण्हत नव्हत्या. "तुळस सांडली का बघ," एवढंच म्हणाल्या. वृंदावन खिडकीखाली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. तुळशीला काही झालं नव्हतं. पाय मात्र घोट्याशी बघता बघता सुजत गेला. गाडी रांगत भुसावळला पोचली तोवर पायात चप्पल जाईना.

दवाखान्यात फोटो काढला. घोट्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर घालावं लागेल, दीड महिना पाय टेकवायचा नाही. डॉक्टर बाहेर गेले आणि सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. तशाच म्हणाल्या, "तू जा."

मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय बोलता?" त्या बोलल्याच नाहीत. मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई म्हणते तर जा, मी उद्या पोचतो." त्याला आजवर एकाही माणसाने विचारलं नाही की बाबा, तू त्याच दिवशी का नाही निघालास? सगळे प्रश्न सुनेसाठी राखून ठेवलेले.

दुपारी अकोल्याहून नणंद आणि जावई गाडी करून आले. ते दोघं येईपर्यंत मी खाटेपासून हललेले नाही, हे एकदा नोंदवून ठेवा. नणंद आली तशी सासूबाईंनी मान वळवली. माझ्याकडे बघून दुसऱ्यांदा म्हणाल्या, "जा. दिंडीतली आपली जागा मोकळी जायला नको. तुळस घे." हे त्या नणंदेसमोर बोलल्या. पण नणंदेला आठवतं ते फक्त मी पिशवी उचलली ते.

संध्याकाळी निघाले. प्रस्थान चुकलं. पुण्यात भवानी पेठेत पालखी मुक्कामाला आली, तेव्हा कुठे दिंडी गाठली. दिंडीप्रमुखांनी आधी तुळशीकडे पाहिलं आणि मग विचारलं, "आजी कुठं?" दिवे घाट मी ती तुळस डोक्यावर घेऊन चढले. त्याआधी कधी घेतली नव्हती. मान भरून येत होती आणि मी रडत होते, पण घाट चढायचा आनंदही होत होता. दोन्ही खरं आहे. आनंद झाला नाही असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल.

नीरा स्नान झालं, लोणंद गेलं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, त्या संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. घोडा कसा धावला, दिंडीत कोण कोण आलंय, तुळशीला ऊन लागत नाही ना, सगळं विचारलं. मी पायाचं विचारलं तर म्हणाल्या, "पाय इथेच आहे."

कीर्तन ऐकणाऱ्या एका काकूंनी मला पुंडलिकाचा दाखला दिला होता. त्याने आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर उभं केलं, आणि तू सासूला ठेवून देवाकडे धावलीस. तेव्हा मी फाडकन म्हटलं होतं, पुंडलिकाला त्याच्या आईबापांनी "जा" म्हटलं नव्हतं. उत्तर चांगलं होतं, काकू गप्प झाल्या. मी मात्र झाले नाही. कारण सासूबाईंनी "जा" दोनदा म्हटलं. दुसरं मी रोज सगळ्यांना सांगते. पहिलं भिंतीकडे तोंड करून म्हटलेलं होतं. ते रागाचं होतं, निराशेचं होतं, की मला परीक्षेला बसवलं होतं? मी पंढरपूरपर्यंत चालले तरी कळलं नाही. थांबले असते तर काय केलं असतं? नणंद होती, दुसऱ्या दिवशी मुलगा आला. मी उशाशी बसून राहिले असते आणि त्यांनी पुढचं वर्षभर मोकळ्या जागेबद्दल एक शब्द काढला नसता. तेही मला सोसलं नसतं.

पाय नंतर जुळला, पण चालायचा राहिलाच. आता आषाढीनंतर आम्ही त्यांना गाडीने धापेवाड्याला नेतो. तिथेही चंद्रभागा आहे, विठ्ठल आहे. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. त्या हात जोडतात आणि घरी चला म्हणतात.

घरी कोणी आलं आणि विषय निघाला की सासूबाई आतून मोठ्याने सांगतात, "मीच धाडलं तिला!" जरा जास्तच मोठ्याने सांगतात, असं मला वाटतं. तुम्ही मला विचारता ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही. "थांबली असतीस तर बरं झालं असतं," असं त्या म्हणाल्या, तर यंदा ती तुळस डोक्यावर कशी घ्यायची, हे मला सुटलेलं नाही.