हात धरून चालवू नका: लेकीच्या फिजिओथेरपीचा माझा अनुभव

दीड वर्षाची झाली तरी आमची लेक चालत नव्हती. चालणं सोडाच, आधाराला धरून उभीसुद्धा जेमतेम राहायची. रांगली ती कधीच नाही. बुडावर सरकत घरभर फिरायची आणि त्यात इतकी तरबेज होती की उभं राहायची तिला गरजच वाटत नसावी. काखेत हात घालून उचललं की तिचे खांदे वर सरकायचे, हातातून निसटतेय की काय असं वाटायचं.

‘प्रत्येक मूल आपापल्या वेळेला चालतं’ हे ऐकवणारे भरपूर भेटले. त्यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं साधारण ८ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान एकटी चालू लागलेली दिसली, म्हणजे फरक चांगलाच मोठा असतो. पण १८ महिने उलटले की वाट बघत बसायचं नाही, दाखवून घ्यायचं.

डॉक्टरांनी हायपोटोनिया म्हणजे स्नायूंचा ताण (टोन) कमी, स्नायू सैल असल्याचं सांगितलं. हा स्वतः आजार नाही, लक्षण आहे. म्हणून आधी कारण शोधतात. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, रक्तात सीके (स्नायूंना इजा असेल तर वाढणारं एन्झाइम) आणि थायरॉइड तपासलं. आमचे रिपोर्ट नॉर्मल आले. सगळ्यांचे येतातच असं नाही, त्यामुळे तपासण्या टाळून थेट व्यायामाला लागू नये. आणि मूल आधी जमणारी गोष्ट विसरायला लागलं तर लगेच डॉक्टरांकडे जायचं.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट केली: ताण वेगळा, ताकद वेगळी. मूळचा सैलपणा व्यायामाने फारसा जात नाही, पण ताकद आणि तोल नक्की वाढतो. त्यानंतरचं वाक्य मात्र आम्हाला अनपेक्षित होतं. ‘दोन्ही हात वर धरून तिला चालवू नका.’ तसं केलं की मूल आपल्या हातांना लोंबकळतं, भार पुढे चवड्यांवर येतो आणि कंबरेचे स्नायू आरामात राहतात. चाकांच्या वॉकरलाही त्यांची सक्त मनाई होती. त्यात मूल सीटवर बसून चवड्यांनी ढकलत राहतं, शिवाय पडायची भीती. कॅनडात तर २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी आहे. मागून ढकलायचा पांगुळगाडा चालेल, म्हणाल्या, पण त्यात वजन ठेवायचं, नाहीतर गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं.

मग चालायचा सराव कधी? बराच काळ नाहीच. सगळं काम कंबर, पोट आणि पाठीचं. बुटक्या स्टुलावर बसवायचं, तळपाय पूर्ण टेकलेले, आणि खेळणं समोर सोफ्यावर, म्हणजे घ्यायला उठावंच लागतं. ती उठताना मॅडमचे हात तिच्या नितंबांच्या दोन बाजूंना असायचे, फक्त दिशा द्यायला. पुढचा टप्पा एक गुडघा टेकून दुसरं पाऊल पुढे रोवायचं आणि तिथून उभं राहायचं. हे फारच अवघड गेलं. पुढचा गुडघा आत वळायचा, मांडी थरथरायची आणि चिडून ती सरळ फतकल मारायची. डाव्या बाजूने तर कितीतरी दिवस जमेना.

डब्ल्यूसारखे पाय बाहेर फाकवून बसायची सवयही मोडायची होती. ओरडून काही होत नाही. आपण हळूच पाय सोडवून एका कुशीकडे वळवायचे.

घरच्या व्यायामांचा तक्ता फ्रिजवर लावला होता, तो लवकरच मॅग्नेटसकट खाली पडला. खरं काम झालं ते रोजच्या गोष्टींत. कपडे घालताना उभं करायचं, आवडीची वस्तू सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची, म्हणजे ती धरून धरून बाजूला सरकते. मग सोफा आणि खुर्चीत थोडी फट, रोज जराशी जास्त. सेशनमध्ये रडायची ती भुकेने आणि झोपेने. वेळ बदलून घेतल्यावर निम्मं रडणं संपलं.

घोटे आत कलत होते म्हणून माप घेऊन एसएमओ, म्हणजे घोट्याच्या जरा वरपर्यंतचे प्लास्टिकचे आधार, करून घेतले. ते बुटात घालायचे आणि घरात काही वेळ अनवाणी. प्रत्येक सैल मुलाला ते लागतातच असं नाही. नुसतं पाहून दुकानातून आणू नयेत.

दुसरा वाढदिवस झाल्यावर एकदा त्या फटीत तिने हात सोडले. पाय फाकलेले, दोन्ही हात खांद्याच्या वर, आणि खुर्ची चुकवून ती थेट भिंतीपर्यंत गेली. आम्ही ओरडलो तशी दचकून बसली. पुढचे काही आठवडे तिला सरकणंच जास्त पसंत होतं, घाई असली की हमखास.

आता ती चालते, पण लवकर दमते आणि मग उचलून घ्या म्हणते. उडी अजून नाही. सध्या पायऱ्या चालू आहेत: कठडा धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आणि वर जाताना सुरुवात डाव्या पायाने.