बाप्पाचे कान आणि माझं इंग्रजी

लॉ करायचं म्हणजे बार काउन्सिलच्या नियमाने इंटर्नशिप आलीच, पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे, आणि त्यातले बरेचसे झेरॉक्स मशीनसमोर जातात हे कुणीही सांगेल. माझेही गेले. पण या वेळी फोर्टमधल्या एका सरांच्या चेंबरला लागले आणि पहिल्याच आठवड्यात एफआयआर क्वॅश, म्हणजे रद्द करून घ्यायची फाईल हातात आली.

नाव-गाव नाही सांगत. एक कॉलेजचा मुलगा, गणपतीत डीजेने डोकं उठलं म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस टाकलं, "एवढे मोठे कान, तरी बाप्पाला हळू म्हटलेली आरती ऐकू येत नाही का?" बस एवढंच. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, पोलीस स्टेशन गाठलं, धार्मिक भावना दुखावल्या म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे आपलं आयपीसीचं जुनं २९५अ.

मला काम काय, तर त्या एका ओळीचं इंग्रजी करायचं, पिटिशनला जोडायला. म्हटलं पाच मिनिटांचं काम आहे. अख्खी दुपार गेली! "ऐकू येत नाही का" म्हणजे मराठीत येतंच की, तुम्हीच उगाच बोंबलताय. आई "मला डोळे नाहीत का?" म्हणते तेव्हा ती काय आंधळी असते? पण इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला की देवालाच बहिरा म्हटल्यासारखं वाटतं, तक्रारदाराला हवं तेच. मग मी शहाणपणा करून प्रश्नच काढला, "बाप्पाला नक्की ऐकू येतं" असं करून टाकलं. सरांनी पेनने आडवी रेघ मारली. म्हणाले, भाषांतरात वकिली करायची नाही, ती ग्राउंड्समध्ये, म्हणजे पिटिशनमधल्या कायद्याच्या मुद्द्यांत करायची, प्रश्नचिन्हासकट लिही.

मग म्हणाले, ४६ नंबर कोर्टाबाहेरची टिळकांची पाटी वाचलीस ना? वाचली होती, हायकोर्टात पहिल्या दिवशी सगळेच वाचतात. पण मला हे माहीतच नव्हतं की १९०८ च्या त्या राजद्रोहाच्या खटल्यात केसरीतल्या मराठी लेखांच्या इंग्रजी भाषांतरावरून केवढं भांडण झालं होतं, टिळक स्वतःची केस स्वतः लढत होते आणि त्यांनी ट्रान्सलेटरची उलटतपासणी घेतली. ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, आणि सहा वर्षं मंडाले. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, माझी एक ओळ म्हणजे केसरी नाही हे कळत असूनसुद्धा.

ग्राउंड्स लिहिताना बरं वाटलं. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्येच रामजीलाल मोदी केसमध्ये सांगितलंय की २९५अ लागतं ते जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाला, कुणाला राग आला एवढ्यावर नाही. आणि लाउडस्पीकर लावणं हा घटनेच्या कलम २५ खालचा, धर्मस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क नाही हे आपल्याच हायकोर्टाने ऑगस्ट २०१६ मध्ये सांगितलं. पण सर धर्माच्या विरोधात वगैरे नाहीत हां. राष्ट्रगीताला उभी राहणारी पण श्रद्धेमुळे ते न गाणारी केरळची तीन मुलं, ज्यांना शाळेने काढलं आणि सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये परत घ्यायला लावलं, तो बिजो इमॅन्युएलचा निकाल त्यांनी मला दोनदा वाचायला लावला.

घरी पप्पा मंडळाचे जुने कार्यकर्ते. कुणाचं ते न सांगता ती ओळ ऐकवली तर इतके हसले की चहा सांडला, "हे आमच्याच मंडळाला लिहिलंय रे!" सरांना सांगितलं तर म्हणे, पप्पांचं हसणं एक्झिबिट म्हणून लावता येत नाही.

तारखेला आमचा नंबर बोर्डावर खूप खाली होता, पावणेपाचला कसाबसा लागला. अमेरिकेत काही लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये विद्यार्थीच प्रोफेसरच्या देखरेखीखाली कोर्टात उभे राहतात, स्टॅनफर्डचं तर धार्मिक स्वातंत्र्याचं वेगळं क्लिनिक आहे २०१३ पासून, आपल्याकडे वकिलीची सनद नाही तर मागच्या बाकावर बसा आणि लागेल ते पान पुढे करा. मी केलं. दोन मिनिटं चाललं असेल, पुढच्या तारखेपर्यंत चार्जशीट दाखल करू नका, एवढी ऑर्डर मिळाली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलगा सरांना विचारतो, सर, आता स्टेटस टाकू शकतो ना? सर म्हणाले, हक्क आहे तुझा. मग चष्मा पुसत, "पण मॅटर संपेपर्यंत गुड मॉर्निंगच टाक."