रेडक्लिफ : मरून जर्सीचे माहेर

ब्रिस्बेनच्या लँग पार्क मैदानाबाहेर रग्बी लीगचे नामवंत खेळाडू आर्थर बीटसन यांचा पुतळा आहे. भाच्याकडे मुक्कामाला असताना जून महिन्यातल्या एका सकाळी मी तो पाहिला आणि दुपारी त्यांच्या जुन्या क्लबाच्या गावी, रेडक्लिफला निघाले. लग्नापूर्वी मी सांगली जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळले आहे, त्यामुळे पकडीचा कोणताही खेळ मला ओढून घेतो. रग्बी लीगमध्ये दोन्ही बाजूंना तेरा-तेरा खेळाडू असतात, चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगावर घेऊन जमिनीवर आणायचे असते आणि सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्या संघाला द्यावा लागतो. इतके कळले की बाकीचे नियम पाहता पाहता उमगतात.

रेडक्लिफ द्वीपकल्पावरील किपा-रिंग स्थानकापर्यंतची रेल्वे 2016 मध्ये सुरू झाली. क्लबाच्या सुरुवातीच्या काळात या द्वीपकल्पाचा शहराशी मुख्य दुवा म्हणजे 1935 मध्ये बांधलेला हॉर्निब्रुक पूल, आणि तोही टोल भरून ओलांडायचा. समुद्रकाठच्या या आडबाजूच्या वस्तीत 1947 साली क्लब उभा राहिला, 1960 मध्ये त्याला ब्रिस्बेनच्या मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि 1965 मध्ये त्याने ती स्पर्धा जिंकली. त्या विजयी संघात रोमा या दूरच्या गावातून आलेला, विशीतला, धिप्पाड बीटसन होता.

पुढच्याच वर्षी तो सिडनीच्या बालमेन क्लबकडे गेला. यात त्याचा दोष नव्हता. न्यू साउथ वेल्समधील क्लबांना 1956 पासून जुगाराची यंत्रे ठेवण्याची कायदेशीर मुभा होती, तर ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडमधील क्लबांना ती नव्वदच्या दशकापर्यंत मिळाली नाही. त्या उत्पन्नाच्या बळावर सिडनीचे क्लब उत्तरेकडचे चांगले खेळाडू घेऊन जात. राज्याचा संघ त्या काळी खेळाडूच्या वास्तव्यावरून ठरत असल्यामुळे सिडनीला गेलेला क्वीन्सलँडचा मुलगा न्यू साउथ वेल्सची निळी जर्सी घालून आपल्याच राज्याविरुद्ध उभा राही. बीटसनही तसेच खेळले. 1973 मध्ये ते ऑस्ट्रेलियाचे कर्णधार झाले. कोणत्याही खेळात देशाच्या संघाचे नेतृत्व करणारे ते मूळनिवासी समाजातील पहिले खेळाडू. ज्या क्लबांनी असे खेळाडू घडवले त्यांच्या वाट्याला मात्र राज्याच्या पराभवांची मालिका येत होती. आपण वाढवलेल्या मुलानेच आपल्याला हरवावे, याहून मोठे दुःख एखाद्या छोट्या क्लबला कोणते असेल?

म्हणूनच 8 जुलै 1980 या तारखेला या भागात सणासारखा मान आहे. या दोन राज्यांमधील त्या वर्षीच्या मालिकेचा निकाल आधीच लागलेला असताना त्या दिवशी लँग पार्कवर एक वेगळा सामना झाला. खेळाडू सध्या कोणत्या क्लबचा आहे हे न पाहता, तो वरिष्ठ पातळीवर प्रथम कोणत्या राज्यात खेळला, एवढेच त्यात पाहिले गेले. सासरी कितीही वर्षे नांदली तरी बाईचे माहेर बदलत नाही, तसा हा नियम मला वाटला. पस्तीस वर्षांचे, कारकिर्दीच्या अखेरीला पोहोचलेले बीटसन क्वीन्सलँडचे कर्णधार म्हणून मरून जर्सीत मैदानावर उतरले आणि संघाने 20-10 असा विजय मिळवला. ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ची सुरुवात ती. आज दरवर्षी होणारी तीन सामन्यांची ही मालिका ऑस्ट्रेलियातील सर्वांत चुरशीच्या लढतींपैकी एक मानली जाते.

राज्याचा संघ निवडताना गावच्या क्लबाला नव्याने किंमत आली ती या नियमामुळे, असे माझे ठाम मत आहे. ऐंशीच्या दशकात रेडक्लिफचाच वॉली फुलर्टन स्मिथ मरून जर्सीत खेळला. पण या क्लबचा इतिहास ज्याच्याशिवाय सांगताच येणार नाही, असा दुसरा खेळाडू म्हणजे पेटेरो सिव्होनिसेव्हा. त्याचा जन्म 1976 मध्ये फिजीतील सुवा येथे झाला. तो लहान असतानाच कुटुंब ऑस्ट्रेलियात आले आणि रेडक्लिफमध्ये वाढलेला हा मुलगा इथल्याच मैदानांवर खेळ शिकला. 2001 ते 2012 या काळात तो क्वीन्सलँडकडून 33 ओरिजिन सामने खेळला, ऑस्ट्रेलियाकडून 45 कसोटी सामने खेळला, आणि राष्ट्रीय लीगमधून निवृत्त झाल्यावर पुन्हा रेडक्लिफच्या संघात येऊन उभा राहिला. क्वीन्सलँडमध्येच जन्मलेले बीटसन नोकरीपेशामुळे निळ्या जर्सीत गेले होते. समुद्रापलीकडे जन्मलेला पेटेरो वाढला तिथलाच ठरला. दोघांनाही मरून रंग मिळाला तो पहिल्या मैदानाच्या नात्याने.

क्लबाचा संघ ‘डॉल्फिन्स’ या नावाने 2023 मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाला आणि पहिल्याच सामन्यात त्याने सिडनी रूस्टर्सला 28-18 असे हरवले. ही मोठी गोष्ट आहे, पण मला ओढ होती ती लहान मुलांच्या सरावाची.

चालत मैदानांपाशी पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. तिथे जूनमध्ये पाचलाच अंधारू लागते. बाजूच्या हिरवळीवर दहा-अकरा वर्षांची मुले पकडीचा सराव करत होती. प्रशिक्षक प्रत्येकाला थांबवून डोके कुठे ठेवायचे ते हाताने दाखवत होते : धावणाऱ्याच्या पुढ्यात नव्हे, मागच्या अंगाला, गाल त्याच्या कमरेखाली घट्ट टेकलेला, दोन्ही हात मांड्यांभोवती आवळलेले, आणि शेवटचे पाऊल त्याच्या अगदी जवळ. आमच्या सरांनी चवड्याची पकड शिकवताना हेच सांगितले होते की हाताआधी पाय पोहोचले पाहिजेत, आणि ते आठवून माझे गुडघे नकळत वाकले. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी ते पाहिले. नातवाला घेऊन ते दर आठवड्याला येतात, असे त्यांनी सांगितले, आणि कोणत्या मुलाची पकड चांगली आहे हे मला बोट दाखवून दाखवले.

ज्याच्याकडे बोट होते तो अंगाने सर्वांत किरकोळ होता. क्लबच्या लाल-पांढऱ्या जर्सीखाली थंडीसाठी त्याने मरून रंगाचा लांब बाह्यांचा सदरा घातला होता आणि तो मनगटांपाशी डोकावत होता. आता चेंडू घेऊन धावण्याची पाळी त्याची होती. दोघांनी मिळून त्याला आडवे केले, चिखलाचा पट्टा गालावर उमटला. पकड सुटताच तो उठला, चेंडू गवतावर ठेवला, पायाच्या तळव्याने मागच्या गड्याकडे ढकलला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. मैदानावरचे दिवे लागले तरी सराव चालूच होता.