१६ इंची काथवट आणि १ एचपीची मोटर: अपडेट

मागच्या खेपेला मी लिहिलं होतं की लेथला (लाकूड गरागरा फिरवून कापायचं यंत्र) २ एचपीची मोटर घेतल्याशिवाय मोठी काथवट काही होत नाही. ते परत घेतो. मोटर तीच आहे, १ एचपी सिंगल फेज, १४४० आरपीएमची (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे), आणि काल सकाळी १६ इंची निंबाचा बाहेरून रफ आकार निघाला. मोटर बंद पडली ती एकदाच, तेही माझ्या चुकीनं, सांगतो खाली.

लाकूड आमच्याच धुऱ्यावरचं. मे महिन्यातल्या अवकाळीत निंब आडवा झाला, भाऊ सरपणाला फोडायला निघाला होता, मी म्हटलं थांब बापा. आईला रोडग्याची कणीक भिजवायला आजीकडं होती तशी लाकडी काथवट पाहिजे, स्टीलची परात हाताखालून पळते म्हणते. ठोकळा किराणावाल्याच्या काट्यावर २३ किलो भरला, ओला होता ना.

आता त्रास काय होता तर गाऊज (लेथवरची लांब दांड्याची गोल पटाशी) टेकवली की चार-पाच ठोके, मग मोटरमधून टक् असा आवाज, मग घूंऽऽ आणि ठप्प. त्या टक्‌कडं मी महिनाभर लक्षच दिलं नाही. तो आतल्या सेंट्रिफ्यूगल स्विचचा आवाज. मोटर वेगात आली की तो स्टार्टिंगचं, म्हणजे फक्त सुरू होताना लागणारं, वाइंडिंग तोडतो; स्पीड लय पडला की तो परत जोडला जातो आणि ते वाइंडिंग पण करंट खायला लागतं. म्हणजे टक् ऐकू आलं की लगेच गाऊज मागं घ्यायची, तेवढ्यात मोटर सावरते. आणि थांबलीच तर आधी बटण, बाकी सगळं नंतर, कारण अडकलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, वार्निशचा वास यायला वेळ लागत नाही. माझा एक कॅपॅसिटर असाच फुगला. हेही बघत जा की खरंच मोटरच थांबते का, कारण ठोकळा उभा आणि मोटर मजेत फिरते तर तो बेल्ट घसरून राहिला. मी तर आता बेल्ट जरासा सैलच ठेवतो, गाऊज अडकली तर आधी तो घसरू दे, रिवाइंडिंगपेक्षा बेल्ट स्वस्त.

खरा चोर निघाली वायर. घरच्या बोर्डापासून गोठ्यापर्यंत ४५ मीटर, अन् वायर १ एमएमची, कधीकाळी एका बल्बसाठी ओढलेली. ओळखीचा वायरमन मीटर लावून बसला, मोटर रिकामी फिरते तर २०५ व्होल्टच्या आसपास, मी जोर लावला की १८५. म्हणे, "भाऊ, मोटर नाही कमजोर, वायरच खाऊन राहिली सारं." अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो, म्हणजे २३० ला जेवढा त्याच्या १८५ ला ६५ टक्केच. आता ४ एमएम टाकली, तेवढ्याच जोराला २०० राहतं, म्हणजे ७५ टक्के. स्टेबिलायझर लाव म्हणणारे खूप भेटले, पण बारीक वायरच्या शेवटी स्टेबिलायझर लावला तर तो व्होल्टेज वाढवायला मागून अजून करंट ओढतो अन् वायर अजून खाते. बाकीचं वेळेनं सुटलं. संध्याकाळी गावभर कूलर चालू असतात, पहाटे साडेपाचला २२५ मिळते. शेजारचे काका शिव्या घालतात, पण ते तसेही उठलेलेच असतात.

मग पुली. मला वाटायचं बेल्ट हळू पुलीवर टाकला की ताकद कमी होईल, ते साफ उलटं. हिशेब करा, १६ इंची ठोकळ्याच्या काठावर, म्हणजे मधापासून ८ इंचावर, ७२० आरपीएमला १ एचपीचा रेटा जेमतेम ५ किलो, ४८० ला साडेसात. तेही पूर्ण व्होल्टेजला. म्हणून १० इंची वाडग्यात जेवढं खोल खाता येतं तेवढं १६ इंचीत जमत नाही, काहून म्हणून मी वर्षभर मोटरवाल्याला दोष देत होतो. व्यास इंचात गुणिले आरपीएम ६००० ते ९००० मध्ये ठेवायचं हा जो आडाखा आहे त्यातही ४८० बसतं, ७६८० येते. व्हीएफडीवाल्यांनो (हर्ट्‌झ बदलून मोटरचा वेग बदलणारा डबा), नुसता नॉब फिरवून हर्ट्‌झ निम्म्यावर आणले तर मोटर अर्धाच एचपी देते, बेल्ट पण खालच्या स्टेपवर घ्या.

वेडावाकडा ठोकळा मात्र ४८० च्याही खाली सुरू करायला पाहिजे आणि माझ्याकडं त्याखाली पुलीच नाही, म्हणून चेनसॉनं कोपरे उडवले, अष्टकोनी केला, मग अर्धा दिवस वाकसानं तासला. हात भरून आले पण लेथवर पहिल्यांदाच टेबल नाचलं नाही. साल सगळी काढली, धुऱ्यावरच्या झाडाच्या सालीत माती अन् वाळू इतकी की धार दोन मिनिटात जाते, आणि बोथट गाऊज कापत नाही, रेटते, तिथंच निम्मी मोटर जाते. फेसप्लेटला (ठोकळा जिच्यावर बसवतात ती फिरती चकती) सहा जाड स्क्रू, काळे ड्रायवॉलवाले नाही, ते मान मोडतात. टेलस्टॉक, म्हणजे समोरून ठोकळ्याला दाबून धरणारा टेकू, शेवटपर्यंत लावलेला.

कापताना सरळ काठावर चढायचं नाही. बुडाकडच्या कोपऱ्यापासून सुरू करून बुडाकडून काठाकडं, गाऊजचं नाक तिरपं, दीड-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खोल, बस. ओल्या निंबाच्या शेवया निघतात लांब लांब, कडू वास येतो, भुसा उडायला लागला की समजायचं धार गेली. दर दहा मिनिटांनी ग्राइंडरवर.

अन् ती एक चूक. आईनं चहाला तिसऱ्यांदा हाक मारली, म्हटलं एवढी गाठ उडवतो अन् जातो, गाऊज सपाट झाली, धारेची अख्खी बाजू लाकडात. टक्, घूं, ठप्प. बटण बंद केलं, चहा पिऊन आलो, गाठ पाच हलक्या हातात गेली.

पुढच्या रविवारी आतून. भिंत दीड इंच ठेवणार, मग हळू वाळायला बारदान्यात गुंडाळून धान्याच्या खोलीत. आत सहा इंच खोल जाताना टूल रेस्टपासून (गाऊज टेकवायची पट्टी) गाऊज किती बाहेर काढता तुम्ही लोकं? माझी चार इंचावरच थरथरते.