पार्किंगमधला रविवार
गाडीतला बॅटरीचा लाल दिवा तीन दिवस डोळे वटारत होता. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला तर जेमतेम ११.९ व्होल्ट. म्हणजे बॅटरी चार्जच होत नव्हती; ती चार्ज करणारा इंजिनवरचा जनरेटर, अल्टरनेटरच गचकलेला. आज सकाळी पार्किंगमध्येच पथारी पसरली. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली (मागे एकदा विसरलो होतो, पान्यातून अशी ठिणगी उडाली की बस्स!). बेल्ट, कनेक्टर, वरचा बोल्ट पटापट निघाले. खालचा मात्र गंजून बसलेला. स्प्रे मारून अर्धा तास थांबलो, तेवढ्यात दोन चहा आणि वॉचमनकाकांचे चार सल्ले. शेवटी पान्याला पाइप चढवून जोर लावला तेव्हा कुठे 'कट्' करून सुटला. नवीन अल्टरनेटर बसवला, बेल्ट ताणला, स्टार्टर मारला: १४.२ व्होल्ट, चार्जिंग सुरू! गॅलरीतून बायको ओरडली, "तसाच सोफ्यावर बसू नकोस!" नखांतलं ग्रीस अजून निघत नाहीये.